अंतिम सामना लहान टेबलावर खेळवा : बेळगाव भागातल्या पूल पार्लरचालकांना खुले पत्र

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातले पूल-स्नूकर पार्लरचालक आणि हौशी स्पर्धा भरवणारी मंडळी,

सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की तुमच्याकडे स्पर्धांची बोलणी सुरू होतात. आपल्याकडचा पाऊस एकदा लागला की मैदानांचा चिखल होतो, टेनिस बॉलचं क्रिकेट बंद पडतं आणि पोरांना छपराखालचा खेळ लागतो. यंदाची आखणी कागदावर उतरायच्या आत माझी एक विनंती ऐकून घ्या. एट-बॉलच्या, म्हणजे आपापले सात बॉल घालून शेवटी काळा आठ घालायच्या पूलच्या, स्पर्धेची उपांत्य आणि अंतिम फेरी नऊ फुटी टेबलावर न घेता सात फुटी टेबलावर घ्या. ज्याला अमेरिकेत बार टेबल म्हणतात, तेच हे टेबल. तुमच्यातल्या बऱ्याच जणांकडे ते आहे. कोपऱ्यात असतं, तासाचा दर कमी असतो आणि स्पर्धेच्या दिवशी त्यावर खेळाडूंच्या बॅगा, छत्र्या आणि हेल्मेटं पडलेली असतात.

ही विनंती मी बघणाऱ्यांच्या वतीने करतोय. मी स्वतः थोडंफार खेळतो, पण मला खरी ओढ आहे ती बाकावर बसून दुसऱ्याचा खेळ बघायची. आपल्या गावाला बघायचं वेड नवीन नाही. कुस्तीच्या मैदानाला इथे अजून खेड्यापाड्यांतून माणसं येतात आणि डाव कुठे चुकला त्याची चर्चा परतीच्या गाडीत संपत नाही. इतकी जाणती बघणारी माणसं असलेल्या गावात पूलच्या अंतिम सामन्याला मात्र दोन खेळाडूंचे मित्र सोडले तर कुणी थांबत नाही. खेळ कंटाळवाणा आहे, हे त्याचं कारण नव्हे. आपण तो दिसेल असा मांडत नाही.

आधी मापं बघू. नऊ फुटी टेबलाची खेळायची जागा 100 इंच लांब आणि 50 इंच रुंद असते. सात फुटी टेबलाची सुमारे 78 बाय 39. क्षेत्रफळ काढलंत तर लहान टेबलावर जवळजवळ 40 टक्के जागा कमी भरते. स्नूकरचं टेबल धरलं, तर क्षेत्रफळाच्या हिशेबाने त्यात आपली सात फुटी तीन टेबलं बसून वर थोडी जागा उरेल. पण बॉल? बॉल तेच. सव्वादोन इंचांचे, पंधरा रंगीत आणि काठीने मारायचा एक पांढरा. जागा घटली आणि बॉल तेवढेच राहिले, म्हणजे गर्दी वाढली. सगळी मजा या गर्दीत आहे.

मोठ्या टेबलावरची अवघड गोष्ट म्हणजे अंतर. पांढरा बॉल या टोकाला, घालायचा बॉल त्या टोकाला. दिशा एका अंशाने चुकली तर पावणेपाच फुटांवर बॉल इंचभर सरकतो आणि पॉकेटच्या ओठावर आपटून परत येतो. ही अडचण ज्याने काठी हातात धरलीय त्याला कळते. बाकावरच्या माणसाला दिसतं ते एवढंच, की मारलेला बॉल गेला किंवा नाही गेला. गेला तर का गेला आणि नाही गेला तर कुठे चुकलं, हे त्याच्या डोळ्यांना कळत नाही. म्हणून तो दहा मिनिटांनी मोबाइल काढतो.

लहान टेबलावर अडचण टेबलावरच मांडलेली असते. दोन बॉल चिकटून बसलेत, आठ नंबरचा बॉल प्रतिस्पर्ध्याच्या तीन पट्टेवाल्यांच्या मागे दडलाय, पांढऱ्याला जायची वाट एका बॉलपेक्षा जेमतेम मोठी आहे. हे सगळं कुणालाही दिसतं. बॉल घालणं इथे सोपं असतं, कारण अंतर कमी. घातल्यावर पांढरा कुठे जाऊन थांबतो, खेळ तिथे असतो. चार इंच पुढे गेला की वाट बंद. बघणाऱ्याला खेळाडूच्या आधी संकट दिसायला लागतं आणि तो पुढे सरकून बसतो. कॅरमभोवती गल्लीतली माणसं उभ्या उभ्या तासन् तास का घालवतात? सगळा पट एका नजरेत बसतो, कुणाच्या सोंगट्या किती राहिल्या ते मोजावं लागत नाही, आणि प्रत्येकाच्या डोक्यात पुढची चाल तयार असते. सात फुटी टेबलावरचा एट-बॉल बघणाऱ्याला तेच देतो. एकाचे प्लेन, दुसऱ्याचे पट्ट्यांचे, सगळे घालून झाले की काळा आठ. नवख्या माणसाला एवढं सांगितलं की तो पहिल्या रॅकपासून, म्हणजे पहिल्या डावापासून, खेळात असतो.

एक रॅक सविस्तर सांगतो, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. गेल्या पावसाळ्यात शहापुरातल्या एका पार्लरात मोठ्या टेबलाचं कापड ओलसर हवेने जड झालं होतं, म्हणून तिथल्या दादांनी संध्याकाळचे सामने नाइलाजाने लहान टेबलावर घेतले. एका बाजूला वडगावात यंत्रमागावर काम करणारा पोरगा, दुसऱ्या बाजूला उद्यमबागेकडचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. शेवटची रॅक. मागावाल्याचे प्लेनपैकी तीन आणि सहा हे दोनच राहिले होते. सहा कोपऱ्याच्या पॉकेटसमोर मोकळा. तीन मात्र खालच्या कुशनजवळ, म्हणजे टेबलाच्या रबरी काठाजवळ, प्रतिस्पर्ध्याच्या चौदाला चिकटून बसलेला. आठ लांब कुशनला टेकलेला, आणि त्याच्याकडे जायच्या वाटेवर दहा आणि तेरा हे पट्टेवाले दोन बाजूंना उभे.

माझ्या शेजारी सायकल दुरुस्तीचं दुकान असलेले एक मामा बसले होते. काठी त्यांनी जन्मात हातात धरलेली नाही. ते हळूच म्हणाले, “सहाला आत्ताच हात लावू नको रे, आधी तीन मोकळा कर की!” पलीकडून कुणीतरी म्हणालं, “सहा घालतानाच धक्का देतोय बघा तो.” म्हणजे चाल काय असायला पाहिजे यावर बाकावर दोन मतं पडली होती आणि दोन्ही मतांत दम होता. सहा घालून टाकला आणि तीन तसाच अडकून राहिला, तर दोन बॉल फोडायला हाताशी काही उरत नव्हतं. पोरगा टेबलाभोवती एक फेरी मारून आला. काठीला चॉक लावला. पांढऱ्याच्या तळाशी मारलं. सहा पॉकेटात गेला, पांढरा मागे आला, कुशनला लागून सरकत गेला आणि चौदाला इतका हलका टेकला की आवाजही आला नाही. तीन नंबरचा बॉल चार बोटं बाजूला झाला. बास, तेवढंच पाहिजे होतं. मामांनी माझ्या मांडीवर थाप मारली.

पण सामना अजून संपला नव्हता आणि हे सगळ्यांना दिसत होतं. तीन घालणं सोपं. घातल्यावर पांढरा दहा आणि तेराच्या मधून जाऊन आठच्या मागे थांबायला पाहिजे, नाहीतर आठला मार मिळत नाही. फट किती होती? एक बॉल जाऊन वर बोटभर. त्याने जोर न लावता मारलं. पांढरा फटीत शिरला तेव्हा सगळ्यांचे श्वास अडकले होते आणि बाहेर पडला तेव्हा इंजिनिअरिंगवाल्याच्या मित्रांनीही टाळी दिली. आठ कुशनला चिकटून धावत कोपऱ्यात पडला. त्या तीन मारांत लांब पल्ल्याचा एकही नव्हता, आणि तरी इतकं ताणून धरणारं मी कित्येक दिवसांत काही बघितलं नव्हतं.

नऊ फुटी टेबलावर हेच बॉल इतके मोकळे पडले असते की तीनला दुसरीकडून वाट मिळाली असती आणि दहा-तेराचा दरवाजा बनलाच नसता.

मोठ्या टेबलाची किंमत मी कमी करत नाही. नाइन-बॉल या पूलच्याच दुसऱ्या प्रकाराची जागतिक स्पर्धा नऊ फुटी टेबलावर होते, युरोप आणि अमेरिका यांच्यातला मॉस्कोनी कपही 1994 पासून त्याच मापावर खेळला जातो, आणि ज्या पोरांना राज्य पातळीवर बंगळूरला जाऊन खेळायचंय त्यांनी मोठ्या टेबलावरच घाम गाळायला हवा. बिलियर्ड्स-स्नूकरचा जगज्जेता पंकज अडवाणी तिथल्या कर्नाटक राज्य बिलियर्ड्स संघटनेत घडला. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 मध्ये बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले, तेही मोठ्या टेबलावर. तो वारसा आहेच. पण मॉस्कोनी कप नीट बघितलात तर ध्यानात येईल की तिथे लोक खुर्चीला खिळून राहतात त्यात टेबलाच्या मापापेक्षा मांडणीचा हात मोठा आहे. पाच रॅकपर्यंतचे छोटे सामने, प्रत्येक माराला घड्याळ, आणि आरडाओरड करायला मोकळीक असलेला प्रेक्षक. तेवढी रोषणाई आणि तेवढे कॅमेरे आपल्याकडे नाहीत. आपल्याकडे एक हॉल आहे, वर दहा फुटांचा स्लॅब आहे आणि जास्तीत जास्त पन्नास खुर्च्या. त्या जागेला लहान टेबल शोभतं.

“लहान टेबल पोरासोरांचं” हे वाक्य मी तुमच्यातल्या अनेकांकडून ऐकलंय. लेस्टरचा मार्क सेल्बी चार वेळा स्नूकरचा जगज्जेता झाला: 2014, 2016, 2017 आणि 2021. त्याआधी 2006 मध्ये तो इंग्लिश पद्धतीच्या एट-बॉल पूलचा जगज्जेता होता, आणि तो खेळ सात फुटी टेबलावरच खेळतात. तिकडचे बॉल लहान, पॉकेटं अरुंद आणि कापड स्नूकरसारखं, पण टेबल सातच फुटी. ब्रिटनमध्ये अल्टिमेट पूल नावाने याच टेबलावरचे सामने दाखवले जातात, माराला घड्याळ आणि सबंध सामन्यालाही घड्याळ लावून. अमेरिकेतही हौशी लीगचे सामने मुख्यतः सात फुटी बार टेबलांवर होतात. जागा कमी म्हणून बारमध्ये लहान टेबल आलं हे खरं, पण लोकांना ते आवडलं नसतं तर लीग त्यावर उभ्या राहिल्या नसत्या.

टीव्हीचं एक उदाहरण इथे सांगायलाच हवं. स्नूकर हा खेळ आपल्या देशात, जबलपूरच्या लष्करी छावणीत 1875 मध्ये सुरू झाला असं मानतात. पण तो घराघरात गेला 1969 नंतर, बीबीसीने ‘पॉट ब्लॅक’ हा कार्यक्रम सुरू केल्यावर. रंगीत टीव्ही नवा होता, रंगीत बॉल त्यावर खुलून दिसत होते. लांबलचक सामन्यांच्या जागी त्यांनी एकाच फ्रेमचा, म्हणजे एकाच डावाचा, सामना ठेवला. ज्यांनी कधी स्नूकर खेळला नव्हता ती माणसं बघायला लागली. बघणाऱ्याच्या डोळ्यांना आणि वेळेला झेपेल अशा आकारात खेळ बसवला, एवढंच त्यांनी केलं. तुमच्याकडून मी तेच मागतोय.

आता लहान टेबलाचे दोष, कारण तुम्ही ते मला सांगणारच. पहिला दोष मोठा आहे. चांगला खेळाडू एकदा टेबलावर आला की सगळे बॉल घालूनच उठतो. तोच जिंकला म्हणून पुढचा ब्रेकही, म्हणजे पुढच्या रॅकचा पहिला मारही, त्याचाच असला, तर दुसरा नुसता खुर्चीत बसून राहतो आणि सामना एकतर्फी होतो. यावर उपाय सोपा आहे: ब्रेक आळीपाळीने द्या. दुसरा दोष नशिबाचा. तीन रॅकच्या सामन्यात साधा खेळाडू कसलेल्याला हरवू शकतो. पहिल्या फेऱ्यांत ते चालतं, उलट त्यामुळे गल्लीतली पोरं नाव द्यायला धजावतात. अंतिम सामना मात्र सात रॅक जिंकण्याचा ठेवा, म्हणजे नशिबाला वळण घ्यायला वेळ मिळतो आणि खरा खेळाडू वर येतो. तिसरा दोष फक्त नाणं टाकून चालणाऱ्या टेबलांचा. त्यांत पांढरा बॉल वेगळा ओळखून परत यावा म्हणून कधी तो मोठा आणि जड ठेवतात. असा पांढरा मागे खेचायला जड जातो, पुढे मात्र सुसाट पळतो, आणि खेळाडूचं सगळं गणित बिघडतं. स्पर्धेला पांढरा बॉल त्याच संचातला, त्याच मापाचा हवा. यात काटकसर करू नका.

मांडणीबद्दल माझं सगळ्यात कळकळीचं म्हणणं खुर्च्यांचं आहे. मागच्या एका स्पर्धेत, नाव घेत नाही, अंतिम सामना बघायला मी खानापूर रोडवरून भर पावसात गेलो. टेबलाच्या चारही बाजूंना खेळाडूंचे मित्र उभे. मागच्या आम्हा सगळ्यांना दोन तास पाठी दिसल्या. लहान टेबल असतं तर तीन बाजूंना काठी फिरायला पुरेल एवढी जागा सोडून खुर्च्या लावता आल्या असत्या. खुर्च्यांच्या मागे बाक, बाकांच्या मागे उभे राहणारे, आणि चौथी बाजू मोकळी. खेळाडूला त्रास होणार नाही एवढं अंतर ठेवून सगळ्यांना सगळं दिसलं असतं. टेबलावरचा दिवा सोडून बाकी ट्यूबलाइट बंद करा, डोळे आपोआप कापडावर जातात. टेबलाच्या बरोबर वर स्लॅबला एक मोबाइल टांगा आणि चित्र भिंतीवरच्या टीव्हीला जोडा. नऊ फुटी टेबल दहा फुटांच्या स्लॅबखालून कॅमेऱ्यात कसंबसं मावतं, लहान टेबल पूर्ण मावतं. उशिरा आलेला माणूस तिथे बघून क्षणात सांगेल की कुणाचे किती राहिलेत.

निवेदन ठेवलंत तर मराठीत आणि कानडीत ठेवा. बघायला येणारे दोन्ही भाषांचे असतात, आणि या खेळात बोलायचं थोडंच असतं: कुणाची पाळी, कुठला बॉल, फाउल झाला की नाही. दोन माणसं आळीपाळीने हे सहज करतील. मार लागत असताना मात्र त्यांनी गप्प बसायला हवं.

अजून एक गोष्ट स्पष्ट लिहितो. बायका, मुली, वडीलधारी माणसं पार्लरच्या पायऱ्या चढत नाहीत, कारण आतून सिगारेटचा धूर येतो आणि पैजांच्या गोष्टी कानावर येतात. सगळीकडे असं नसतं, मला माहीत आहे. पण बाहेरच्या माणसाला कुठे आहे आणि कुठे नाही हे कळायला मार्ग नाही. अंतिम सामन्याच्या दिवशी तरी धूर आणि पैज दोन्हीला दाराबाहेर ठेवा आणि तसं फलकावर लिहा. चित्रा मगिमैराज, विद्या पिल्लई यांच्यासारख्या खेळाडू याच कर्नाटकातून पुढे आल्या. आपल्याकडच्या एखाद्या मुलीला काठी धरावीशी वाटायची तर आधी तिला वडिलांच्या शेजारी बसून एक चांगला सामना बघता आला पाहिजे. सात फुटी टेबलावर तिचा हातही पुरतो, टेबलावर लवंडून मारावं लागत नाही.

खर्चाचं म्हणाल तर यात नवीन काही विकत घ्यायचं नाही. टेबल आहे, काठ्या आहेत. त्यावरच्या बॅगा उचलायच्या, कापड झाडून घ्यायचं, पाणसळ लावून टेबल एका पातळीत आहे का बघायचं. लहान टेबलांकडे वर्षभर लक्ष नसतं, म्हणून ती हमखास एका बाजूला कललेली असतात, आणि हळू मारलेला बॉल शेवटच्या फुटात वळतो. हळू मार हाच या टेबलावरचा खरा मार, त्यामुळे पातळीत आणणं सगळ्यात आधी करा.

पंच, खुर्च्या, फलक, मोबाइल टांगायची कांबी, यातल्या कुठल्याही कामाला मी हजर आहे. टिळकवाडीतले माझ्यासारखेच बघायला येणारे चार-पाच जण आहेत, तेही येतील. तुमच्यातल्या एकाने जरी यंदा हे करून बघायचं ठरवलं, तरी जाहिरातीच्या फलकावर बक्षिसाच्या रकमेखाली दोन ओळी वाढवा: अंतिम सामना सात फुटी टेबलावर, आणि बघायला येणाऱ्यांनी किती वाजता यायचं ती वेळ. खेळाडूंची वेळ तुम्ही नेहमी लिहिता, आमची कधीच लिहीत नाही.

आपला,
पूल बघणारा एक बेळगावकर
टिळकवाडी, बेळगाव